रीसेटची तार

ताई, मागच्या सोमवारी दुपारी, जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा वाजून गेल्यावर, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये पॉवर प्रेसचा रॅम खाली आला आणि त्याखाली तू मेलीस.

घरी येणारे 'गेली' म्हणतात. पंचनाम्यात 'मयत' आहे. आमच्या पेपरात 'जागीच ठार' आलं. तिन्हींत शेवटचं बरोबर आहे. ती बातमी मी लिहिली नव्हती. स्वतःच्या घरातली बातमी दुसऱ्याने लिहायची, असा आमच्याकडे नियम आहे. त्या बातमीत एक वाक्य होतं: 'कंप्रेसरवरील कामगाराच्या हयगयीमुळे हा अपघात घडल्याचे प्राथमिक तपासात समजते.' तू असतीस तर विचारलं असतंस, समजते म्हणजे कुणाला समजते रे, पेपरवाल्या?

रॅम म्हणजे प्रेसचा तो लोखंडी ठोकळा, जो वरून येऊन साच्यावर आदळतो आणि पत्रा कापतो. हे तुला सांगायची गरज नाही. सवयीने लिहिलं.

तू आणि मी एकमेकांशी कधी नीट बोललो नाही. भांडलो. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा अर्धवट टाकून पेपरात लागलो त्या दिवशी आप्पांनी खुंटीवरचा पट्टा काढला. दोन फटके मला बसले. तिसऱ्याला तू मध्ये आलीस आणि बक्कल तुझ्या मनगटावर बसलं. रक्त फरशीवर सांडलं. तू मनगट दाबून धरलंस आणि आप्पांना म्हणालीस, "त्याला सोल्डर करता येत नाही. लिहिता येतं. मारून काय तो सोल्डर करणार आहे?" आप्पांनी पट्टा खाली टाकला. त्यानंतर तू मला जन्मभर 'अर्धवट सर्किट' म्हणालीस आणि बाहेरच्या कुणाला म्हणू दिलं नाहीस. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. आपल्या घरात तशी पद्धत नव्हती.

आता एकनाथबद्दल. कारण तुझ्याबद्दल काहीही लिहायला गेलं की मध्ये तो येतो.

सिंहस्थ उरकून गावातली गर्दी ओसरली होती आणि दिवाळी तोंडावर होती. एकनाथ नांदगावकडचा, त्याच शेडमध्ये, मालक शेठकडे, प्रेसवर बिजागऱ्यांचे पत्रे कापायचा. त्या प्रेसचं इलेक्ट्रॉनिक पॅनेल तू आणि तुझा भागीदार सलीम यांनी बनवलेलं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबली तरच रॅम यायचा, म्हणजे तो येताना दोन्ही हात बाहेर असायचे. त्या दिवशी एकनाथने पत्रा आत ठेवला आणि उजवा हात आत असतानाच रॅम आला. चार बोटं गेली. अंगठा राहिला.

तू पोचलीस तेव्हा त्याला रिक्षात घालून नेलं होतं. बोटं कुणी उचलली नव्हती. तू साच्यातून पहारीने पत्रा उचकटलास, बोटं सुटी केलीस, बर्फाच्या पिशवीत घातलीस आणि स्कूटीवरून दवाखान्यात नेलीस. डॉक्टरांनी पिशवी उघडली आणि बंद केली. म्हणाले, यात जोडण्यासारखं काही नाही. तू ती पिशवी घेऊन घरी आलीस. आईने विचारलं, काय आणलंस? तू सांगितलंस. आई मोरीत जाऊन ओकली.

संध्याकाळी शेठने पोलिसांना प्रेस दाखवला. डावं बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने दाबून बांधलेलं होतं. ही पट्टी अंबडमध्ये सगळ्यांना माहीत आहे. एक बटण बांधून टाकायचं, एक हात मोकळा ठेवायचा, काम पटापट होतं. शेठ म्हणाला, "बांधू नको म्हणून किती वेळा सांगितलं. ऐकलं नाही. आता रडतोय." ते छापून आलं. एकनाथची नुकसानभरपाई त्या एका पट्टीवर अडली. त्याने स्वतःच्या हाताने केलं, असं ठरलं.

तू घरात फेऱ्या मारत होतीस. म्हणालीस, "पट्टी बांधली तर माझं पॅनेल चालतच नाही. प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही बटणं सोडावी लागतात. तेवढ्यासाठीच तर ते बसवलं. म्हणजे एक तर पट्टी अपघातानंतर कुणीतरी बांधली, नाहीतर माझं पॅनेल नालायक आहे. दोन्हीत एकनाथ कुठे बसतो, सांग."

"मला सांगून काय उपयोग?"

"छाप."

"काय छापू?"

"पॅनेल नालायक असेल असं छाप. माझं नाव घालून छाप."

"'असेल' छापत नाहीत, ताई."

"शेठ बोलला ते छापलं ना? त्याच्याकडे कुठला पुरावा मागितला?"

"ते पोलिसांनी सांगितलं."

"मग मी आता पोलीस होऊ?"

मी म्हणालो, पुरावा दे. तू पाण्याचा तांब्या फेकलास. माझी भुवई फुटली. टाके घालायला तूच नेलंस, आणि डॉक्टर सुई लावत असतानाही तू भांडत होतीस. त्यांना वाटलं आपण नवराबायको आहोत.

मग तू मुंबईहून प्रोब मागवलास.

काडेपेटीहून थोडी मोठी, निळी डबी. एक टोक कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटर लावतात तिथे. दुसरं टोक एका चपट्या, पट्टीसारख्या केबलने पॅनेलवरच्या पिनांना. मी विचारलं, याने काय होतं? तू सांगितलंस की चिप चालू असताना तिच्या आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. बाहेर एक दिवा लागतो आणि विझतो, तेवढंच. प्रोब लावला की तिला मध्येच थांबवता येतं आणि थांबल्या जागी तिच्या पोटात काय आहे ते वाचता येतं.

"म्हणजे पोलीस कोठडी," मी म्हणालो.

"कोठडीत माणूस मार खाऊन खोटं बोलतो. चिप बोलत नाही."

"थांबवलेली चिप आणि चालती चिप एकसारखीच वागते कशावरून?"

 उद्या सांगते म्हणालीस. मी तो प्रश्न गंमत म्हणून विचारला नव्हता. आमच्या धंद्यातही तोच आहे. समोर वही काढली की माणूस बदलतो.

शेठने तुला प्रेसपाशी येऊ दिलं, कारण तू त्याला म्हणालीस की पॅनेल सुधारून देते. खोटं नव्हतं. जुना कॉम्प्युटर तू भंगाराच्या ट्रॉलीवर बांधून प्रेसच्या अंगाला लावलास. पुढचं मला सलीमने सांगितलं आहे, आणि जिथे मी दुसऱ्या कुणाकडून पडताळू शकलो तिथे पडताळलं आहे.

प्रोब जोडायलाच तुम्हाला आठवडे लागले. कॉम्प्युटर म्हणायचा, डबी सापडत नाही. प्रिंटरच्या पोर्टची सेटिंग चुकीची होती. ती बदलली. मग डबी सापडली, पण चिप सापडेना. केबलला लाल कड असते, ती एक नंबरच्या पिनेकडे यावी लागते. ती बरोबर होती. शेजारी वेल्डिंग सुरू झालं की पडद्यावर कचरा यायचा. शेवटी तुझ्या लक्षात आलं की केबल लांब आहे आणि शेडमधल्या विजेचा सगळा आवाज पिऊन घेते आहे. तू ब्लेडने ती वीतभर राहील इतकी कापलीस. कापलेला करडा तुकडा खिशात घातलास. त्यानंतर चिप सापडायची आणि हरवायची. तू कॅबिनेटला लाथ घातलीस.

"बाजी," सलीम म्हणाला, तो तुला ताईऐवजी बाजी म्हणायचा, "लाथ मारके नहीं जुडता ये."

"तुमच्या मालेगावात लाथ मारल्याशिवाय माग चालतो का?"

"चालतो ना. पण तिथे आम्ही आधी बिस्मिल्ला म्हणतो, मग मारतो."

केबल वीतभर, म्हणून डबी प्रेसलाच लटकलेली. प्रिंटरची केबलही आखूड, म्हणून कॉम्प्युटर प्रेसला चिकटून. आणि म्हणून तू. शेडमध्ये तुझ्याइतकं त्या साच्याजवळ कुणी उभं राहत नव्हतं. ऑपरेटरसुद्धा नाही.

यासाठी तुझा एक नियम होता. पॅनेलला हात लावण्याआधी हवा बंद. प्रेसचा क्लच हवेच्या दाबावर चालतो. पॅनेलने हवेचा वाल्व उघडला तरी हवाच नसेल तर रॅम जागचा हलत नाही. प्रेसवरचा हवा बंद करायचा कॉक कधीच मोडून गेला होता, त्यामुळे हवा कंप्रेसरच्या खोलीतून बंद करावी लागायची. तिथे लोखंडी चाक आहे.

त्या चाकाला शेडचा स्वतःचा कायदा आहे. तो कुठल्याही पाटीवर लिहिलेला नाही. ज्याने हवा बंद केली त्याने आपला रुमाल चाकाला बांधायचा. रुमाल ज्याचा, त्यानेच सोडायचा. दुसऱ्याने हात लावला तर मार. एकदा एका ठेकेदाराच्या माणसाने कुणाचातरी रुमाल सोडला, तर फिटरांनी त्याला त्याच चाकाशी डोकं आपटून समजावलं होतं. त्या शेडमध्ये रुमाल म्हणजे आत माणूस आहे. आणि रुमाल नसेल तर जेवणाची सुट्टी संपल्याच्या भोंग्यानंतर कंप्रेसरवाल्याने चाक फिरवून हवा सोडायची, विचारायचं नाही.

तुझ्याकडे रुमाल नसायचा. पहिल्या वेळी तू ओढणी बांधलीस. दुपारी परत आलीस तर सगळी शेड हसत होती. त्यातला एक म्हणाला, "ताई, कपडे वाळत घातले का? सांगायचं ना, आम्ही पण आणले असते धुवायला." दुसरा म्हणाला, "अरे, ओढणी पडली, आता हवा कशाला पाहिजे, वारा सुटला." तू त्या दुसऱ्याच्या कानाखाली वाजवलीस. संध्याकाळी घरी मला ते सांगताना तू हसत होतीस, पण जेवली नाहीस. "उद्यापासून ओढणी नाही," म्हणालीस. "हातात येईल ते बांधेन."

मी म्हणालो, माझा रुमाल घे. तू म्हणालीस, तुझ्या रुमालाने शेंबूड पुसलेला असतो.

सोमवारी सकाळी तू चाक बंद केलंस तेव्हा कंप्रेसरच्या खोलीत कुणी नव्हतं. तिथे आता एकनाथ बसायचा. हात गेल्यावर शेठने त्याला तिथे बसवलं होतं आणि माणुसकी म्हणून सगळ्यांना सांगत होता. त्या सकाळी एकनाथ हाताची पट्टी बदलायला दवाखान्यात गेला होता. फाटकावरच्या माणसाने हे सांगितलं आणि दवाखान्यातल्या नर्सनेही. तू चाक फिरवलंस आणि त्याला केबलचा कापलेला करडा तुकडा बांधलास.

मग प्रेसकडे गेलीस आणि पुन्हा जोडायला बसलीस. कॉम्प्युटरवर कनेक्ट दाबलं की प्रोब आधी चिपच्या रीसेटची तार खाली ओढतो. चिप क्षणभर मरते आणि नव्याने उठते, आणि ती उठताना प्रोब तिला पकडतो. तू दाबलंस. प्रेसच्या वाल्वमधून टक् आवाज आला. चिप सापडली नाही. तू शिवी दिलीस आणि पुन्हा दाबलंस. टक्. आणखी एक शिवी. टक्. सलीम सांगतो, मग तू गप्प झालीस. तू गप्प बसलेली त्याने आधी कधी पाहिली नव्हती, म्हणून त्याने वर बघितलं.

तू म्हणालीस, "सलीम, हा वाल्व का वाजतोय?"

चिप मेलेली असते त्या क्षणी तिचे पाय मोकळे असतात. ती कुणालाच काही सांगत नसते. अशा वेळी वाल्वकडे जाणारा पाय बंद बाजूला धरून ठेवायला एक रेझिस्टर लागतो, तांदळाच्या दाण्याएवढा. तुमच्या पॅनेलवर तो होता. पण तो पायाला चालू बाजूला धरत होता. म्हणजे चिप जेव्हा जेव्हा दचकेल तेव्हा तेव्हा वाल्व उघडणार, बटणांचा काही संबंध नाही. शेजारची मोठी मोटर सुरू होताना वीज एकदम खाली बसली तरी चिप दचकते. दिवाळीच्या आधी शेजारची मोटर सुरू झाली होती. एकनाथचा हात आत होता.

पॅनेलच्या नकाशात तो रेझिस्टर तूच तसा उलट्या बाजूला काढला होतास. सलीमने तो तू काढलास तसा लावला होता.

तू मला ऑफिसात फोन केलास. मी बातमीची कॉपी लिहीत होतो.

"पेपरवाल्या, कॅमेरा घेऊन ये. दुपारी."

"फोटोग्राफर मालेगावला गेलाय."

"मग तू ये. पुरावा पाहिजे ना तुला? ये आणि बघ. माझी बोटं नाहीत ती, त्याची आहेत, पण मी घेतलीत. छाप आता."

"ताई, तू हे फोनवर बोलू नकोस. आजूबाजूला कोण आहे?"

"सगळे आहेत. मी ओरडून बोलतेय. तू अर्धवट सर्किट आहेस."

फोन तू ठेवलास. मला त्यावर काय बोलायचं होतं ते आता या लेखात घालून उपयोग नाही.

जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली. तू सलीमला शेठला बोलवायला पाठवलंस. शेठ समोर उभा राहील, मग हवा सोडायची, बटणांना हात न लावता रॅम खाली येताना त्याला दाखवायचा, असं तुझं ठरलं होतं. त्यासाठी तू रीसेटची तार क्लिपने ग्राउंडला लावून ठेवलीस. म्हणजे चिप मेलेली आणि वाल्व उघडा. दुरुस्तीच्या वेळी साच्यात लाकडी ठोकळा ठेवतात, तो तू काढून बाजूला ठेवलास, कारण रॅम पूर्ण खाली आलेला दाखवायचा होता. रॅमने कापलेला पत्रा हाती राहावा, शेठने नंतर नाकारू नये, म्हणून तू एक कोरा पत्रा घेतलास. साच्याच्या मागच्या बाजूला खुंटी असते, पत्रा तिला टेकवावा लागतो. त्यासाठी तू आत वाकलीस.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. एकनाथ कंप्रेसरच्या खोलीत आला. चाकावर रुमाल नव्हता. त्याने डाव्या हाताने आणि उजव्या मनगटाने चाक फिरवलं.

दोन्ही हात कोपरापर्यंत आणि डोक्याची डावी बाजू. डॉक्टरांनी मृत्यू तात्काळ झाला असं लिहिलं आहे. मी त्यांना त्याचा अर्थ विचारला. ते म्हणाले, "कळलं नसेल." मी विचारलं, "नसेल की नाही?" ते म्हणाले, "नाही."

सलीम शेठला घेऊन येत होता. आवाज दोघांनी ऐकला. शेठ म्हणाला, "प्रेस कुणी चालू केला?" मग त्यांना दिसलं. सलीमने मला जे सांगितलं त्यातलं काही मी इथे लिहीत नाही, कारण आई हे वाचेल. रॅम वर घ्यायला त्यांना फ्लायव्हील, प्रेसचं ते जड चाक, पहारीने मागे फिरवावं लागलं. ते हळूहळू फिरतं.

मग शेठचा भाचा आणि प्रेसवरचे लोक एकनाथवर तुटून पडले. त्याला कंप्रेसरच्या खोलीतून केसांना धरून ओढत अंगणात आणलं आणि हवेच्या रबरी पाइपने झोडपलं. पाइपच्या टोकाला पितळी नोजल असतं. तो पट्टी बांधलेला हात छातीशी धरून दुमडून पडला होता. मारणारे त्याला ताईचा मारेकरी म्हणत होते. त्यात ओढणीवरून बोललेला तो दुसराही होता. सलीम एकनाथच्या अंगावर आडवा पडला. सलीमची बरगडी मोडली. शेठ उभा होता. पोलीस आल्यावर त्याने जबाब दिला: "आधी स्वतःचा हात घालवला, आता बाईचा जीव घेतला. माणूसच तसला आहे."

हयगयीने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा एकनाथवर दाखल झाला.

मी त्याला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये भेटलो. खाटेशी पोलीस बसला होता. एकनाथचा एक डोळा बंद होता. मी कोण ते सांगितल्यावर त्याने उठायचा प्रयत्न केला. मी त्याला मारायला आलो असं त्याला वाटलं. मी कशाला आलो होतो हे मलाही नक्की सांगता येणार नाही.

"दादा, रुमाल नव्हता," तो म्हणाला.

"चाकावर काहीच नव्हतं?"

"तार व्हती. बारीक, चपटी. भंगारातली असंल म्हनलं. तिथं लय तारा पडल्याली असत्यात."

"सोडलीस ती?"

"या हातानं काय सोडू? तशीच ठिवली आन् चाक फिरवलं." तो थांबला. "ताईंची व्हती का?"

"हो."

त्याने तोंड भिंतीकडे केलं. पोलिसाने मला बाहेर जायला सांगितलं. तो तुकडा चाकाला बांधलेला मिळाला, हे पंचांनीही सांगितलं आहे.

दोन दिवसांनी सलीम घरी आला. छातीला पट्टा, श्वास अर्धवट. तो भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "भाई, बाजी फोनवर ओरडली त्याचा अर्थ कुणाला लागला नाही. त्या बोर्डातलं नेमकं फक्त मला आणि बाजीला माहीत होतं. मी बोललो नाही तर कुणाला कळणार नाही. बाजीचं नाव साफ राहील. तुम्ही सांगा."

तो काय विचारत होता ते मला कळत होतं, आणि ते तुलाही कळलं असतं. पोलीस म्हणत होते, हा माणूस पहिल्यापासून बेफिकीर. बटण बांधून हात घालवणारा, न बघता हवा सोडणारा. पहिलं खोटं ठरलं तर दुसऱ्याकडेही कुणी नीट बघेल. पण पहिलं खोटं ठरवायचं तर सांगावं लागणार होतं की त्याची बोटं तुझ्या पॅनेलने घेतली. मेलेल्या माणसावर आरोप केला की तो उलट बोलत नाही. तू तर जिवंत असताना एकही आरोप उलट बोलल्याशिवाय सोडला नव्हतास.

मी सलीमला काही उत्तर द्यायच्या आत आई स्वयंपाकघरातून आली. म्हणाली, "तिने काय केलं ते मला मराठीत सांगा."

सलीमने सांगितलं. विजेचं काही न सांगता, तिला समजेल असं. आईने सगळं ऐकलं.

"म्हणजे त्याची बोटं हिने घेतली."

"हो, आई."

"जाणूनबुजून?"

"नाही. चुकून."

"आणि हे तिला कळलं होतं?"

"त्याच दिवशी सकाळी कळलं."

"मग ती तेच सांगायला वाकली होती ना तिथं? ते अर्धं राहिलं. सांगून या जा. गप्प काय बसलात दोघं घोड्यासारखे?"

शनिवारी कारखाना निरीक्षक, पोलीस, पंच, शेठ आणि सलीम शेडमध्ये होते. मी तुझा भाऊ म्हणून होतो. प्रेस डिझेलने धुतला होता. जप्त केलेली डबी आणि कॉम्प्युटर पोलिसांनी आणून ट्रॉलीवर ठेवला. निरीक्षकांनी खडूने प्रेसभोवती रेघ मारली आणि सगळ्यांना रेघेबाहेर केलं. ट्रॉली दोरीने ओढून रेघेला लावली. केबल वीतभर होती. सलीमने तिला जोड दिला, तर पडद्यावर पुन्हा तेच. चिप सापडत नाही.

शेठ म्हणाला, "झालं नाटक? मेलेल्या बाईच्या नावाने किती वेळ चालवायचं हे?"

सलीमने त्याच्याकडे बघितलं नाही. निरीक्षकांना म्हणाला, "साहेब, चिप सापडायची गरजच नाही. मला फक्त रीसेट ओढायचा आहे." निरीक्षकांनी शेठला विचारलं, "बटणं तपासा. बांधलेली आहेत?" शेठने जाऊन बघितलं. नव्हती. हवा सोडायला सांगितलं. कंप्रेसरच्या खोलीत पोलीस उभा होता.

सलीमने कनेक्ट दाबलं.

वाल्व वाजला आणि रॅम खाली आला. जमीन हादरली. मी आधी तो आवाज ऐकला नव्हता. शेठ एक पाऊल मागे सरकला आणि त्याच्या मागे उभा असलेल्या भाच्याच्या पायावर त्याचा पाय पडला. निरीक्षक म्हणाले, "पुन्हा." रॅम पुन्हा आला. "शेजारची मोटर सुरू करा." मोटर सुरू झाली तेव्हा सलीमचे दोन्ही हात वर होते, सगळ्यांना दिसतील असे. दिवे मंद झाले आणि रॅम आला. निरीक्षकांनी पेन काढलं. पॅनेल कुणी बनवलं, त्यांनी विचारलं.

सलीम म्हणाला, "आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

सलीमने माझ्याकडे बघितलं. तुझं नाव मी सांगितलं.

एकनाथ त्या वेळी शेडच्या फाटकाबाहेर पोलिसांच्या गाडीत बसलेला होता. रॅमचे आवाज त्याला तिथे ऐकू गेले असं गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं. 

संपादक म्हणाले, ही बातमी दुसऱ्या कुणीतरी लिहावी, आपला नियम आहे. मी म्हणालो, पुरावा मी बघितला आहे. त्यांनी कॉपी वाचली आणि एक विशेषण काढलं.

बातमी आजच्या अंकात तिसऱ्या पानावर आहे. पहिल्या वाक्यात एकनाथने बटण बांधलं नव्हतं असं आहे. दुसऱ्या वाक्यात पॅनेलचा नकाशा काढणारीचं पूर्ण नाव आहे. बातमीवर माझं नाव आहे, आणि दोघांचं आडनाव एकच आहे.